कपाटावरचा समुद्र

माणसानं दातांच्या दवाखान्यात बसून कुठलीही प्रतिज्ञा करू नये. तिथे निम्मं तोंड बधिर असतं आणि उरलेलं निम्मं नको ते बोलून मोकळं होतं. मीटरकाकांचं नेमकं हेच झालं.

मीटरकाका म्हणजे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळी नोकरी लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर तपासण्यात गेली, म्हणून अख्खी इमारत त्यांना मीटरकाका म्हणे. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. लेक दुसऱ्या शहरात. ती रोज फोन करी आणि आज काय खाल्लं ते विचारी, आणि काका रोज खोटं सांगत. त्या दिवशी फोन आला तेव्हा काका दाढेत इंजेक्शन घेऊन बाहेरच्या बाकावर बसले होते आणि समोरच्या काचेच्या टाकीतले मासे बघत होते.

"बाबा, वरच्या काकूंनी सांगितलं मला. आईचा मनीप्लांट वाळला."

"थोडासा पिवळा पडलाय."

"वाळला, बाबा. मनीप्लांट कुणाचा वाळतो का? लोक उपटून गच्चीवर फेकतात तरी तो जगतो. तो तुमच्या हातून मेला. आता बास. आमच्याकडे राहायला या, खोली तयार आहे."

ती खोली काकांनी पाहिली होती. तिच्यात चालायचं यंत्र होतं आणि त्या यंत्रावर कपडे वाळत. लेक प्रेमळ होती. जावई तर इतका समजूतदार होता की त्याच्याशी भांडण काढायचीसुद्धा सोय नव्हती. अशा घरात माणूस लवकर म्हातारा होतो, असं काकांचं मत होतं.

"झाडाचं काय घेऊन बसलीस?" काका अर्ध्या तोंडानं म्हणाले. "समुद्र पाळून दाखवीन, समुद्र!"

लेक आईवर गेलेली होती. आई बोललेलं विसरत नसे, आणि दुसऱ्याला विसरूही देत नसे. "ठीक आहे," लेक म्हणाली. "पाळा समुद्र. मी सुट्टीत येईन तेव्हा त्यातलं सगळं जिवंत असलं तर पुन्हा हा विषय काढणार नाही. नाहीतर बॅग भरायची आणि माझ्याबरोबर निघायचं."

फोन बंद झाला. दाढ गेली ती वेगळीच.

दवाखान्यातल्या टाकीची देखभाल करणारा माणूस दुसऱ्याच दिवशी घरी आला. त्याला टाकीवाला म्हणत. तो फार हुशार होता आणि ते त्याला स्वतःला चांगलं माहीत होतं. त्यानं हॉलभर नजर फिरवली आणि खिडकीजवळच्या बुटक्या, रुंद लाकडी कपाटावर थाप मारली.

"एक नंबर! वर समुद्राची टाकी, आणि या कपाटात खालची टाकी. वरचं पाणी खाली येणार, खाली गाळलं जाणार, पुन्हा वर जाणार. तिला संप म्हणतात. सगळी यंत्रं खाली लपतात, वर नुसती शोभा."

संप म्हटल्यावर सरकारी माणसाच्या छातीत जरा धस्स होतंच. पण काकांची अडचण निराळी होती.

"कपाट भरलेलं आहे," ते म्हणाले.

"रिकामं करा की."

"नाही."

ते कपाट बायकोचं होतं. तिच्या हयातीत काकांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. "तिथे हात घालू नका, सगळं लावून ठेवलंय," हे वाक्य त्यांनी सगळ्या संसारात इतक्यांदा ऐकलं होतं की ती गेल्यावरही त्यांचा हात तिथे गेला नाही. किल्ली दाढीच्या सामानाच्या डब्यात पडून होती. रोज दाढी करताना ती दिसे, आणि काका ब्रश उचलून डबा बंद करत. पण हे असलं टाकीवाल्याला कसं सांगणार? म्हणून ते म्हणाले, "कपाटाला आतून वाळवी आहे."

"वाळवी लागलेल्या कपाटावर समुद्र ठेवणार तुम्ही?"

"वरून नाहीये."

टाकीवाल्यानं कपाट चारी बाजूंनी ठोकून बघितलं. शेवटी म्हणाला, "संपाशिवाय होतं काका. होत नाही असं नाही. पण मग सगळं वरच लटकवावं लागतं, आणि जे काय चुकतं ते सगळं वरच चुकतं."

हे वाक्य कुणीतरी त्या टाकीवर पाटी करून लावायला हवं होतं.

टाकी येणार ही बातमी टाकीच्या आधी इमारतभर पोचली. खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहत. ते बरोबर दोन सभासद घेऊन आले आणि हॉलमध्ये पाय आपटून बघू लागले.

"स्लॅबवर किती वजन येणार?" सेक्रेटरींनी विचारलं. "मी खाली बसतो, म्हणून विचारतो."

"चार जाड पाहुणे येतील एवढं," काका म्हणाले.

"पाहुणे परत जातात."

"सगळे नाही जात. तुमचे मेहुणे कधीचे आलेत?"

सेक्रेटरींनी विषय बदलला. नियमावलीत माशांबद्दल काही नव्हतं, पण पाळीव प्राणी लिफ्टमधून नेऊ नयेत असं स्पष्ट होतं. त्यामुळे समुद्रातला प्रत्येक जीव तिसऱ्या मजल्यावर जिन्यानं आला. पुढे एक गोगलगाय आणली तीही जिन्यानंच, आणि तीही काकांच्या हातातून. "खालची टाकी का नाही बसवत?" असं सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "वजन दुप्पट होईल. तुमच्याच डोक्याचा विचार करतोय." आणि लेकीनं फोनवर तेच विचारलं तेव्हा म्हणाले, "गुडघे दुखतात गं, खाली वाकून ते साफ कोण करणार?"

एका कपाटासाठी तीन थापा. थापांचं पाण्यासारखं असतं, कुठून झिरपतील सांगता येत नाही. टाकीवाला जिन्यात सेक्रेटरींशी वाळवीबद्दल बोलला. आठवडा उलटायच्या आत पाठीवर पंप बांधलेला फवारणीवाला दारात हजर! आत नुकतंच पाणी भरलेलं. एक फवारा मारला असता तर समुद्र सुरू होण्यापूर्वीच संपला असता. काका दारात दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"वाळवी नाही."

"सोसायटीच्या पत्रात आहे म्हणून लिहिलंय."

"मेली ती."

"कशानं?"

"कंटाळून," काका म्हणाले आणि दार लावून घेतलं.

तेवढ्यात पुन्हा घंटी वाजली. लेकीनं गुडघ्यांचे पट्टे पाठवले होते, दोन जोड.

आता टाकीत पाणी होतं, त्यात मोजून मीठ कालवलेलं होतं, पांढरी वाळू होती आणि टाकीवाल्यानं आणलेले दगड होते. त्यांना तो जिवंत दगड म्हणे. लोकांना याचं फार आश्चर्य वाटे. काकांना वाटलं नाही. ते आयुष्यभर सरकारी कचेरीत होते, जिवंत दगड त्यांनी जवळून पाहिले होते. टाकीवाल्यानं खारटपणा मोजायचं एक छोटं यंत्र दिलं, तेव्हा मात्र त्यांना फार दिवसांनी बरं वाटलं. पुन्हा हातात मीटर आला होता. जाता येता ते मोजू लागले.

मासे लगेच सोडायचे नव्हते. आधी दगडांवर चांगले जंतू वाढायला हवेत, मगच माशांची घाण पचते, असा नियम. तोवर नुसतं थांबायचं. पण लोक थांबत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या वहिनी रोज यायच्या, टाकीसमोर खुर्ची ओढून बसायच्या.

"मासे कुठेत हो भाऊजी?"

"यायचेत."

"मग आत्ता काय चाललंय?"

"जंतू वाढवतोय."

वहिनींनी काचेवरचा हात काढून पदराला पुसला. "तुमची ही असती तर एक दिवस चालू दिलं नसतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "थोडा खायचा सोडा टाकून बघा."

काही दिवसांनी सगळं तपकिरी झालं. दगड, वाळू, काच, सगळ्यावर चहाच्या गाळासारखा थर. सेक्रेटरी बघून म्हणाले की आमच्या गच्चीवरची टाकी याहून स्वच्छ आहे. हे धादांत खोटं होतं, पण पाणीपुरवठ्यातल्या माणसाला फार लागलं. थर खायला टाकीवाल्यानं गोगलगाय दिली. लिंबाएवढी, काळसर, काचेला चिकटून राहणारी.

"गोगलगाय आणि पोटात पाय," वहिनी तिच्याकडे संशयानं बघत म्हणाल्या. "माझा नाही विश्वास हिच्यावर."

मग एकदाचे मासे आले. नारंगी अंगावर पांढरे पट्टे, एक मोठा, एक छोटा. बरोबर एका दगडावर बसलेलं प्रवाळ. त्याला मुठीएवढे झुबके होते आणि ते सतत उघडझाप करत, जसं कुणी हात हलवून बोलावतंय.

"मोठी दिसते ती बायको," टाकीवाल्यानं सांगितलं. "छोटा तो नवरा. घरात सत्ता तिची. ती गेली ना काका, की हा नवराच हळूहळू बायको होतो."

"काहीतरीच!" वहिनी म्हणाल्या.

काकांना त्यात काही नवल वाटलं नाही. वर्षभर ते दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करायला, पांढरे कपडे वेगळे भिजवायला आणि भाजीवाल्याशी भांडायला शिकत होते. ते छोट्या माशाला म्हणाले, "घाई करू नकोस. अवघड असतं."

राहिला प्रश्न पातळीचा. टाकीतलं पाणी हवेत उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून रोज साधं पाणी घालून पातळी राखावी लागते. खाली संप असता तर ही चढउतार कपाटात, लोकांच्या नजरेआड झाली असती. इथे ती सगळ्यांसमोर होई. पातळी जरा उतरली की टाकीच्या पाठीला लटकवलेलं, घाणीचा फेस ओढणारं यंत्र घुर्र घुर्र करू लागे. नळाचं पाणी जाताना येतो तसाच आवाज. ज्या माणसानं सगळी नोकरी लोकांकडून "पाणी का गेलं?" ऐकण्यात काढली, त्याच्या हॉलमध्ये आता दिवसभर पाणी जात होतं.

"पाणी आपोआप घालणारं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र मिळतं," टाकीवाला म्हणाला.

"पाण्याची पातळी कशी राखायची हे मला शिकवायचं नाही," काका म्हणाले.

हा खात्याच्या अब्रूचा प्रश्न होता. काकांनी संडासातल्या फ्लशच्या टाकीत असतो तसला एक नवा कोरा बॉल कॉक आणला. उंच स्टुलावर साध्या पाण्याचा पिंप ठेवला, नळी जोडली आणि बॉल समुद्राच्या कोपऱ्यात तरंगत सोडला. पातळी उतरली की बॉल खाली जाई, पाणी येई. पातळी चढली की बॉल वर, पाणी बंद. वीज नाही, बटण नाही. काकांनी सगळ्या इमारतीला बोलावून दाखवलं. सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे तुमच्या समुद्राला फ्लश आहे." पण त्यांनाही ते आवडलं होतं, हे काकांना कळलं. घुर्रघुर्र थांबली. प्रवाळ उघडझाप करत राहिलं. काका स्वतःसाठी दोन वेळा नीट स्वयंपाक करू लागले, कारण माशांना वेळेवर घालायचं आणि आपण बिस्किटं खायची हे बरं दिसत नव्हतं.

आणि लेकीची सुट्टी लागली.

ती येणार त्या दिवशी काकांनी काच पुसली, खारटपणा मोजला, स्वतःची दाढी केली. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला तसे ते सामान घ्यायला उतरले. सगळं ठीक होतं. ठीक नव्हती फक्त गोगलगाय. तिनं समुद्रातला सगळा तपकिरी थर खाऊन संपवला होता. उपाशी माणूस काय करतो? नवीन जागा शोधतो. ती काच चढून वर गेली, कोपऱ्यात वळली आणि बॉलवर जाऊन बसली.

तिच्या वजनानं बॉल खाली गेला. पाणी सुरू झालं. पातळी चढली, पण बॉल चढेना, कारण वर बाई बसलेल्या.

खाली काका जावयाच्या हातातली बॅग ओढत होते आणि जावई ती सोडत नव्हता. मग वर अडकलेली लिफ्ट खाली यायला वेळ लागला. मग लेक म्हणाली, "बारीक झालात." काका म्हणाले, "वर चल, समुद्र बघ. सगळं जिवंत आहे." त्यांच्या आवाजात इतका अभिमान होता की लिफ्टमध्येसुद्धा ते ताठ उभे राहिले.

दार उघडलं तर हॉलभर पाणी. टाकी चारही काठांनी सांडत होती आणि स्टुलावरचा पिंप शेवटचे गचके देत होता.

"बाबा!" लेक ओरडली. जावयानं काही न बोलता आधी मेन स्विच बंद केला. समजूतदारपणाचा असा कधीतरी उपयोगही होतो. काकांनी पाण्यातून चालत जाऊन बॉल बघितला. गोगलगाय शांत बसली होती. त्यांनी तिला उचललं आणि वाळूवर ठेवलं. तेवढ्यात सेक्रेटरी आले, आणि ते उघडी छत्री घेऊन आले.

"माझ्या सोफ्यावर पाऊस पडतोय!"

मागून वहिनी. "काय झालं? कुणी केलं?" काकांनी वाळूकडे बोट दाखवलं. "मी म्हटलं होतं," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आयुष्यातला तो फार मोठा क्षण होता.

पुसायला घरात एकच फडकं, तेही ओट्यावरचं. पाणी सरकत सरकत कपाटाच्या दाराखाली शिरत होतं.

"बाबा, कपाटात पाणी जातंय. किल्ली कुठंय?"

"ते उघडायचं नाही."

"का?"

काका पाण्यात उभे होते. थापा संपल्या होत्या. "तिनं सांगितलंय," ते म्हणाले. "हात घालू नका म्हणून."

सेक्रेटरींनी छत्री मिटली. मग वहिनीच म्हणाल्या, "भाऊजी, ती आत्ता इथे असती ना, तर म्हणाली असती, बघत काय उभे राहिलात ठोंब्यासारखे?"

अगदी तिचाच शब्द. काका गेले आणि दाढीच्या डब्यातून किल्ली घेऊन आले. गुडघे टेकले. ते दुखले नाहीत. कपाट उघडलं.

आत फडकी होती.

वरपासून खालपर्यंत फडकी. जुन्या कपड्यांचे चौकोन कापून, धुऊन, घड्या घालून, दोऱ्यांनी गठ्ठे बांधून रचलेले. जाड वेगळी, पातळ वेगळी. एवढं आयुष्यभर लावून ठेवलेलं कपाट, आणि त्यात फडकी! काकांनी पहिला गठ्ठा सोडला. सगळ्यात वर निळ्या चौकटींचं कापड होतं. त्यांनी ते हातात धरलं. खिशाची शिवण तशीच होती.

"हा माझा शर्ट आहे."

"कुठला?"

"निळा! लाँड्रीवाल्यानं हरवला तो! ही म्हणाली होती लाँड्रीवाल्यानं हरवला!" काकांचा आवाज चढला. "मी त्या माणसाला चार लोकांत चोर म्हटलं! इतकी वर्षं चौक ओलांडून पलीकडच्या लाँड्रीत जातोय मी! आणि हा पांढरा! हा तर नवा होता! अगं, विचारायचंस तरी! एकदा विचारायचंस!"

ते भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे बघून भांडत होते. वर्षभरात त्या फोटोसमोर त्यांचा आवाज निघाला नव्हता. लेक घाबरून पुढे आली, आणि गठ्ठ्याकडे बघून थांबली.

"हा माझा पिवळा फ्रॉक आहे. आई म्हणाली होती, गरीब मुलीला दिला."

"आणि हा," वहिनी वाकून म्हणाल्या, "हा टॉवेल माझा! दोरीवरून पडला होता. मी सेक्रेटरींच्या बायकोशी दोन वर्षं बोलत नव्हते याच्यापायी!"

"म्हणून बोलत नव्हता?" सेक्रेटरी म्हणाले. "आम्हाला वाटलं वर्गणीवरून."

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. पण मग सगळेच फडकी घेऊन गुडघ्यांवर बसले. सेक्रेटरी काकांच्या शर्टानं पुसत होते, जावई फ्रॉकनं, आणि वहिनी फक्त स्वतःच्या टॉवेलनं. काकांची बायको फार दूरदृष्टीची. एवढा समुद्र सांडला, पण फडकी उरली.

पाणी आवरल्यावर काकांनी खारटपणा मोजला. फारच उतरला होता. प्रवाळाच्या मुठी घट्ट मिटल्या होत्या. मोठी बायको दगडाआड होती आणि नवरा तिच्याभोवती घिरट्या घालत होता.

"मीठ ओतूया ना पटकन," जावई म्हणाला.

"नाही," काका म्हणाले. "एकदम नाही. एकदम बदललं की मरतात. थोडं थोडं करायचं, त्यांना सोसेल तसं."

लेक ओला फ्रॉक पिळत होती. तिनं वर बघितलं आणि पिळायची थांबली.

सुट्टीचे सगळे दिवस काकांनी तेच केलं. तांब्यातांब्यानं खारं पाणी घालायचं, थांबायचं, मोजायचं. गोगलगाय उलटी पडली होती, तिला चमच्यानं सुलटी केली. वहिनींच्या मते ही चूक होती. फडकी धुऊन गॅलरीभर वाळत घातली होती. टाकीवाला आला आणि उघडं कपाट बघून हरखला. "रिकामं झालं! वाळवी पण नाही! आता संप बसवून टाकू."

"रिकामं कुठंय?" काका म्हणाले. "सामान वाळतंय."

निळा तुकडा घेऊन ते जुन्या लाँड्रीवाल्याकडे गेले आणि इस्त्रीला टाकला. लाँड्रीवाल्यानं तो उलटसुलट बघितला. "याच्या बाह्या कुठे गेल्या?"

"खिडक्या पुसायला," काका म्हणाले. "चूक माझी होती. चहा पिऊ या."

निघायच्या दिवशी सकाळी लेकीनं त्यांना हाक मारली. प्रवाळाची एक मूठ उघडली होती. मग दुसरी उघडली. दोघं खुर्च्या ओढून बराच वेळ बघत बसले. मग लेकीनं वाळलेली फडकी मांडीवर घेऊन घड्या घातल्या. जाड वेगळी, पातळ वेगळी. काकांनी गठ्ठे बांधले आणि कपाटात रचले. एका कोपऱ्यात थोडी जागा उरली.

बॅगा दारात आल्या. दोनच होत्या, येताना आणलेल्या. लेकीनं चपला घातल्या आणि जावयाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हा शर्ट जुना झालाय नाही?" ती म्हणाली. "पुढच्या वेळी येताना घेऊन येते बाबा. कपाटात जागा आहे."

"अगं, हा नवीन आहे," जावई म्हणाला.

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ते आपण ठरवायचं नसतं, जावईबापू."